चालण्या-हलण्यातून वीज: घर्षणविद्युत जनित्राविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळा-कॉलेजांतली विज्ञान प्रदर्शनं जवळ आली की हे प्रश्न सुरू होतात. विचारणाऱ्यांत विद्यार्थी असतात, त्यांचे पालक असतात आणि 'सोसायटीच्या जिन्यात बसवता येईल का हो?' असं विचारणारे एखादे सेक्रेटरीही असतात. उत्तरं शक्यतो हिशेब मांडून दिली आहेत. या विषयात उत्साह भरपूर आहे, हिशेब मात्र कमी वाचायला मिळतो.

हे घर्षणविद्युत जनित्र म्हणजे नेमकं काय?

हिवाळ्यात स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, केसांत फिरवलेला प्लॅस्टिकचा कंगवा कागदाचे कपटे उचलतो. तीच वीज दोन तारांमधून बाहेर काढून कामाला लावणारं हे उपकरण. शास्त्रीय नाव ट्रायबोइलेक्ट्रिक नॅनोजनरेटर. बोलताना सगळे टेंग म्हणतात, आपणही तेच म्हणू.

वीज तयार होण्यासाठी घासावंच लागतं का?

नाही. दोन वेगळे पदार्थ एकमेकांना टेकले आणि सुटले, एवढं पुरतं. घासल्याने फक्त खरा स्पर्श होणारं क्षेत्र वाढतं. वरून सपाट दिसणारे पृष्ठभागही सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतात. नुसते टेकवले तर मोजक्याच टोकांवर भेटतात, घासले की अनेक ठिकाणी.

मग वीज वाहते कशी? प्लॅस्टिकमधून तर वीज जात नाही.

जात नाही म्हणूनच जमतं. एका बाजूला प्लॅस्टिकची फिल्म आणि तिच्या पाठीला चिकटवलेला धातूचा पत्रा घ्या. समोर नुसता अॅल्युमिनियमचा पत्रा. दोन्ही टेकले की अॅल्युमिनियमकडून काही इलेक्ट्रॉन प्लॅस्टिकच्या पृष्ठभागावर जातात. प्लॅस्टिक विद्युतरोधक, त्यामुळे तो ऋण प्रभार तिथेच अडकून बसतो. आता दोन्ही दूर करा. जसजसं अंतर वाढतं तसतसा दोन पत्र्यांमधला विद्युतदाब वाढत जातो आणि तो समतोल करण्यासाठी बाहेरच्या तारेतून इलेक्ट्रॉन धावतात. पुन्हा दाबलं की ते उलट दिशेने परत येतात. म्हणजे दर दाब-सोडीला दोन झटके, एक सुलटा आणि एक उलटा. प्लॅस्टिकवरचा प्रभार जागचा हलत नाही. बाहेरच्या तारेतल्या इलेक्ट्रॉनांना ये-जा करायला तो भाग पाडतो.

याखेरीज सरकत्या पृष्ठभागाची, एकाच पत्र्याची आणि दोन स्थिर पत्र्यांवरून मोकळी फिल्म फिरवण्याची रचनाही असते. तत्त्व तेच.

शोध कोणाचा?

घर्षणविद्युत अंबर घासणाऱ्या ग्रीकांनाही ठाऊक होती. कोणता पदार्थ धन होतो आणि कोणता ऋण, याची पहिली क्रमवार यादी योहान कार्ल विल्के यांनी १७५७ मध्ये केली. आजच्या स्वरूपातलं लवचिक जनित्र २०१२ सालचं. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकमधले झोंग लिन वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅप्टन (Kapton, एक पिवळसर प्लॅस्टिक) आणि पॉलिस्टर या दोन फिल्म एकमेकींवर ठेवल्या, दोन्हींच्या पाठीला धातूचा मुलामा दिला आणि वाकवून वीज मिळवली. त्या पहिल्या नमुन्याचा दाब जेमतेम ३.३ व्होल्ट होता. आजचे नमुने शेकड्यांत व्होल्ट देतात.

नावातल्या 'नॅनो'ने बुजू नका. उपकरण तळहाताएवढंही असतं. वांग यांचं आधीचं, २००६ सालचं काम झिंक ऑक्साइडच्या नॅनोतारांवर होतं, तिथपासून हे नाव चालत आलं.

कोणते पदार्थ वापरतात?

धन बाजूला काच, नायलॉन, लोकर, केस, आपली त्वचा, अॅल्युमिनियम. ऋण बाजूला टेफ्लॉन, कॅप्टन, सिलिकोन रबर, पीव्हीसी. यादीत जितके लांबचे दोन निवडाल तितका प्रभार जास्त. मात्र ही यादी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे. दोन प्रयोगशाळांच्या याद्या हमखास थोड्या वेगळ्या निघतात.

खिशात ठेवून मोबाइल चार्ज होईल का?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून सविस्तर.

५००० मिलिअँपिअर-अवरच्या बॅटरीत साधारण १९ वॅट-अवर ऊर्जा मावते, म्हणजे सुमारे ६९,००० ज्यूल. तळहाताएवढ्या टेंगमधून चालताना सरासरी १ मिलिवॅट मिळतो, असं उदार मनाने धरू. १ मिलिवॅट म्हणजे सेकंदाला ज्यूलचा हजारावा भाग. बॅटरी भरायला लागतील सुमारे ६ कोटी ९० लाख सेकंद, म्हणजे आठशे दिवस. तेही न झोपता, न बसता सलग चालत राहिलात तर. दहापट चांगलं उपकरण आणलं तरी ऐंशी दिवस.

थोडक्यात, नाही. चालता चालता फोन पूर्ण चार्ज करणारा घर्षणविद्युत बूट कोणी विकत असेल तर पाकीट खिशातच राहू द्या.

पण व्हिडिओत एका टाळीत शंभर-शंभर एलईडी लागतात. ते खोटं आहे का?

खोटं नाही, पण त्यातून तुमचा समज मात्र चुकीचा होतो. एलईडी एकामागे एक जोडले की त्यांना लागतो जास्त व्होल्टेज आणि अगदी कमी करंट. टेंगकडे नेमकं तेच असतं, शेकडो व्होल्ट आणि मायक्रोअँपिअरमधला करंट. शिवाय ते दिवे काही मिलिसेकंद लखलखतात आणि विझतात. आपल्या डोळ्यांना ती लखलख ठसठशीत दिसते. त्या क्षणाची शक्ती मोठी, पण मिनिटाभराची सरासरी काढली तर हाती फार काही उरत नाही.

शोधनिबंधांतले आकडे वाचतानाही हाच चष्मा लावा. 'दर चौरस मीटरला ५०० वॅट' असा आकडा या क्षेत्रात बराच फिरतो. तो शिखराचा आहे, सरासरीचा नव्हे. सौर पॅनलचे वॅट भर उन्हात तासन्‌तास मिळतात, हे वॅट डोळ्याची पापणी लवायच्या आत संपतात. दोन्ही आकडे शेजारी ठेवून तुलना करणं चूक आहे.

दादरच्या पुलावर वीज करणाऱ्या फरशा बसवल्या तर? रोज लाखो लोक जातात.

करून पाहू हिशेब. माणूस ६० किलोचा, फरशी पावलाखाली ५ मिलिमीटर दबते. एका पावलात मिळणारी यांत्रिक ऊर्जा सुमारे ३ ज्यूल. त्यातली एक तृतीयांश विजेत बदलली, तर पावलामागे १ ज्यूल. टेंगच्या सध्याच्या मानाने हे फारच जास्त झालं, तरी धरू. एक लाख लोक प्रत्येकी दहा फरशांवरून गेले तर १० लाख ज्यूल, म्हणजे पाव युनिटपेक्षा किंचित जास्त. युनिटचा दर दहा रुपये धरला तरी लाख माणसांच्या तंगडतोडीतून दिवसाला तीन रुपयेसुद्धा होत नाहीत. त्या फरशांवरची धूळ झाडायचा खर्चही त्यातून निघणार नाही.

आणि तीही वीज फुकट नाही. दबणाऱ्या फरशीवरून चालताना वाळूत चालल्यासारखे पाय जड होतात, म्हणजे ती ऊर्जा चालणाऱ्याच्या वडापावातून येते.

एक खुलासा: पावलांवर चालणाऱ्या ज्या फरशा परदेशात बसवल्या गेल्या, त्यांत पेव्हजेन या कंपनीच्या फरशा चुंबक आणि तारेच्या वेटोळ्यावर चालतात. त्यांचा घर्षणविद्युतेशी संबंध नाही.

लाकडी फरशीचं ऐकलं होतं, ते काय?

स्वित्झर्लंडमधल्या ईटीएच झुरिच हे विद्यापीठ आणि एम्पा ही संशोधनसंस्था इथल्या संशोधकांचं काम, २०२१ सालचं. लाकूड घर्षणविद्युतेच्या बाबतीत मध्यममार्गी, ना धड इलेक्ट्रॉन देतं ना घेतं. त्यांनी स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या एका फळीवर सिलिकोनचा थर दिला आणि दुसरीत झेडआयएफ-८ या पदार्थाचे सूक्ष्म स्फटिक वाढवले. या जोडीने साध्या लाकडाच्या ८० पट वीज दिली. ए-४ कागदापेक्षा थोड्या लहान नमुन्यावर चालून एलईडी दिवा आणि कॅल्क्युलेटर चालवून दाखवला. कल्पना देखणी आहे. वृद्ध माणूस खोलीत पडला तर कळवणारी फरशी म्हणून मला ती जास्त पटते, दिव्यांसाठी नाही.

रस्त्यावरच्या गतिरोधकातून?

ती ऊर्जा गाडीवाल्याच्या पेट्रोलमधून येते. ब्रेक लावून वाया जाणारी थोडी मिळेल, बाकी दुसऱ्याच्या टाकीतून काढलेली.

मुंबईत एवढा पाऊस पडतो. थेंबांपासून वीज होते ना?

होते. २०२० मध्ये हाँगकाँगच्या सिटी युनिव्हर्सिटीतल्या गटाने १०० मायक्रोलिटरचा एक थेंब १५ सेंटिमीटरवरून टाकून १४० व्होल्टपर्यंत दाब मिळवला आणि शंभर लहान एलईडी क्षणभर लावले. आयआयटी दिल्लीतही पाण्याचे थेंब आणि घन पृष्ठभाग यांच्यातल्या घर्षणविद्युतेवर चालणारं उपकरण झालं आहे.

आता मुंबईचा हिशेब. पावसाळ्यात सुमारे २२०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे एका चौरस मीटरवर २२०० किलो पाणी. मोठा थेंब साधारण सेकंदाला ८ मीटर वेगाने आदळतो. सगळेच थेंब तसे मोठे धरले तरी अख्ख्या पावसाळ्याची गतिज ऊर्जा होते सुमारे ७०,००० ज्यूल. वर मोबाइलच्या बॅटरीचा आकडा आला होता तो आठवा. जूनपासून सप्टेंबरपर्यंतचा सगळा पाऊस, त्यातला कण न कण विजेत बदलला तरी फोन एकदा चार्ज. तेवढ्याच जागेतलं २०० वॅटचं सौर पॅनल हे काम कडक उन्हात सहा मिनिटांत उरकतं.

हा हिशेब पहिल्यांदा पाहिला की बरेच जण हिरमुसतात. पण पावसाची ताकद थेंबाच्या आदळण्यात नसते, उंचावर साठलेल्या पाण्यात असते. कोयनेत ती आपण कधीपासून वापरतोच आहोत.

मग सायकलच्या डायनॅमोत काय वाईट होतं?

काहीच नाही. चाकाला घासून फिरणारा जुना बाटली डायनॅमो ६ व्होल्टवर ३ वॅट द्यायचा, म्हणजे वर धरलेल्या १ मिलिवॅटच्या तीन हजार पट. सलग, वेगाने फिरणारं काही हाताशी असेल तर चुंबक-वेटोळ्याला तोड नाही.

पण डायनॅमोचा दाब वेगावर अवलंबून असतो. हालचाल मंद झाली की तो दाब इतका पडतो की डायोडसुद्धा (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) ओलांडता येत नाही. टेंगमध्ये हालचाल हळू असली तरी दाब बराचसा टिकतो. माणूस सेकंदाला एक-दोन पावलं टाकतो, छाती श्वासागणिक हलते, लाट काही सेकंदांनी येते. अशा सेकंदाला पाचापेक्षा कमी वेळा होणाऱ्या, अनियमित हालचालींत टेंगची बाजू वरचढ ठरते. शिवाय ते हलकं, पातळ असतं आणि चुंबक लागत नाही.

गॅसचा लायटर दाबला की ठिणगी पडते, तेच का हे?

नाही. तो पीझो स्फटिक. स्फटिक दाबला की त्याच्या आतच प्रभार सरकतो. टेंगला दोन पृष्ठभाग लागतात आणि त्यांची भेट-ताटातूट लागते.

एवढी कमी वीज, तर मग उपयोग काय?

इथे खरी गंमत आहे. क्वार्ट्झ घड्याळ साधारण १ मायक्रोवॅटवर चालतं, पेसमेकरला काही मायक्रोवॅट पुरतात. तापमान मोजून दर दहा मिनिटांनी रेडिओवर एक संदेश पाठवणारा सेन्सर बहुतेक वेळ झोपलेलाच असतो. असल्या ग्राहकांना टेंग पोसू शकतं.

सगळ्यांत बोलकं उदाहरण २०१९ चं आहे. चीनमधल्या संशोधकांनी डुकराच्या हृदयावर एक टेंग बसवलं. हृदयाच्या दर ठोक्यातून ०.४९५ मायक्रोज्यूल मिळाले. ठोका चालू करायला लागत होते ०.३७७ मायक्रोज्यूल. म्हणजे हृदयाच्याच हालचालीवर पेसमेकर चालला आणि वर थोडी शिल्लकही राहिली. पेसमेकरची बॅटरी संपली की पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते, त्यामुळे इथे मायक्रोज्यूललाही किंमत आहे. माणसांपर्यंत यायला मात्र टिकाऊपणा आणि सुरक्षिततेच्या बऱ्याच चाचण्यांतून जावं लागेल.

दुसरा उपयोग म्हणजे टेंगलाच सेन्सर करणं. वीज साठवायची नाही, त्या झटक्याचा आकार वाचायचा. नाडी, पावलांची ढब, यंत्राची कंपनं, कीबोर्डवर कोण कसं टाइप करतं, सगळं त्यातून कळतं. मला विचाराल तर या तंत्राचं बस्तान आधी इथेच बसेल.

तुलनेला एक बटन सेल घ्या, सीआर२०३२. त्यात सुमारे २,४०० ज्यूल असतात. १०० मायक्रोवॅटचा सेन्सर तो नऊ महिने चालवतो. घरात एकच सेन्सर असेल तर गुपचूप सेल बदला. पुलावर, पाइपलाइनवर किंवा शरीराच्या आत हजारो सेन्सर असतील, तेव्हा सेल बदलायला माणूस पाठवणं परवडत नाही. टेंगचा दावा तिथला आहे.

वीज करणारे कपडे कधी मिळतील?

नमुने आहेत. २०१६ मध्ये वांग यांच्या गटाने सौरतंतू आणि घर्षणतंतू एकत्र विणून ४ गुणिले ५ सेंटिमीटरचा तुकडा केला. त्याने ऊन आणि हालचाल मिळून २ मिलिफॅरॅडचा कपॅसिटर (प्रभार साठवणारा भाग) मिनिटात २ व्होल्टपर्यंत भरला, म्हणजे ४ मिलिज्यूल, आणि त्यातही उन्हाचा वाटा आहेच. घाम, धुलाई आणि इस्त्री या तिघांपुढे असे तंतू कसे टिकतात, ते सुटल्याशिवाय दुकानात काही येणार नाही.

पावसाळ्यात प्रयोग का फसतो?

दमट हवेत पृष्ठभागावर पाण्याचा पातळ थर बसतो आणि त्यावरून प्रभार झिरपून जातो. कोकणात जुलैमध्ये कंगव्याने कागदसुद्धा उचलला जात नाही, आणि जानेवारीत नागपूरला गाडीचं दार उघडताना चटका बसतो. उपाय म्हणजे उपकरण हवाबंद पिशवीत सील करणं, निदान प्रयोगाआधी हेअर ड्रायरने दोन्ही पृष्ठभाग वाळवणं. तळहात घामट असेल तर फिल्मला बोट लावू नका.

हवेची आणखी एक अडचण आहे. प्रभार फार साठला की हवेतच ठिणगी पडून तो निसटतो, त्यामुळे साध्या हवेत एक कमाल मर्यादा येते. निर्वातात हीच मर्यादा बरीच वर सरकते. २०१७ मध्ये तिथे दर चौरस मीटरला १००० मायक्रोकूलोंबच्या वर मजल गेली.

घरी करता येईल का?

येईल, आणि स्वस्तात. स्वयंपाकघरातला अॅल्युमिनियम फॉइल, जाड पुठ्ठा, स्पंज आणि कॅप्टन टेप. टेप मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत मिळेल. नसेल तर पॅकिंगचा टेप चालवून घ्या, उजेड कमी पडेल इतकंच.

१० सेंटिमीटरचे दोन चौकोनी पुठ्ठे कापा. दोन्हींवर फॉइल सुरकुती न पडता चिकटवा. एका फॉइलवर टेपचे पट्टे बुडबुडा न राहता शेजारी शेजारी लावा आणि कडेच्या थोडे बाहेर जाऊ द्या. कडेला उघडी राहिलेली फॉइल समोरच्या फॉइलला टेकली की शॉर्ट झालं, आणि निम्म्या मुलांचं घोडं तिथेच अडतं. चार कोपऱ्यांत ४-५ मिलिमीटरचे स्पंजचे तुकडे लावून पुठ्ठे समोरासमोर ठेवा. दोन्ही फॉइलना एकेक तार. तारांच्या टोकांना दोन लाल, जास्त उजेडाचे एलईडी एकमेकांच्या उलट दिशेने, समांतर जोडा.

खोलीत अंधार करा आणि दाबा. दाबताना एक एलईडी चमकेल, सोडताना दुसरा. सोडणं जितकं झटक्यात तितकी चमक जास्त. वर सांगितलेला सुलटा आणि उलटा झटका तो हाच, डोळ्यांनी वेगवेगळा दिसलेला. दिवसाउजेडी मात्र काही दिसत नाही.

मल्टिमीटर लावला तर काहीच दाखवत नाही!

दाखवणार नाही. नेहमीच्या डिजिटल मीटरचा अंतर्गत रोध १० मेगाओहम असतो. आपल्याला तो प्रचंड वाटतो, पण टेंगपुढे तो जवळजवळ शॉर्टच. शिवाय मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो, आपला झटका त्याआधीच संपतो.

उलटसुलट झटके एकाच दिशेला वळवणारा चार डायोडांचा ब्रिज लावा आणि पुढे १ मायक्रोफॅरॅडचा फिल्म कपॅसिटर. इलेक्ट्रोलिटिक नको, त्यातून प्रभार गळतो. वीस वेळा दाबा, मग मीटर लावा आणि पहिलाच आकडा टिपा. १ मायक्रोफॅरॅड आणि १० मेगाओहम म्हणजे दहा सेकंदांत दाब जवळजवळ एक तृतीयांशावर येतो, डोळ्यांदेखत.

शेकडो व्होल्ट म्हणता, मग शॉक बसेल?

फार तर गाडीच्या दाराचा बसतो तेवढा. प्रभार मायक्रोकूलोंबच्या आसपास असतो, धोका नाही. पण आर्डुइनोच्या (प्रकल्पांत वापरतात त्या छोट्या कंट्रोलर बोर्डाच्या) पिनला थेट जोडू नका, एका झटक्यात तिचं कामच तमाम होऊ शकतं. आणि पेट्रोल किंवा गॅसजवळ असले खेळ नकोत.

पर्यावरणाला चांगलं ना?

टेफ्लॉन हे त्याच चिवट फ्लोरिनयुक्त रसायनांच्या कुळातलं, निसर्गात ते सहज मोडत नाही. म्हणून कागद, रेशीम, लाकूड यांवर काम चालू आहे. 'हरित ऊर्जा' हा शिक्का मारण्याआधी फिल्म कशाची आहे ते विचारा.

यात विज्ञानाला अजून न उलगडलेलं काही आहे का?

आहे, आणि मुळातलंच आहे. स्पर्श झाल्यावर प्रभार नेतं कोण? इलेक्ट्रॉन, आयन, की पदार्थाचे सूक्ष्म तुकडे? तिघांच्याही बाजूने पुरावे आहेत. धातू आणि विद्युतरोधक यांच्यात इलेक्ट्रॉनांचा वाटा मोठा मानतात. पण २०११ मध्ये असंही दिसलं की घासलेला पृष्ठभाग सबंध धन किंवा सबंध ऋण नसतो, त्यावर दोन्हींची बारीक गोधडी असते. २०२५ मध्ये ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी एकाच सिलिकोन रबराचे अगदी सारखे तुकडे एकमेकांना वारंवार टेकवले. आधी कोण धन आणि कोण ऋण होईल याचा नेम नव्हता. जे तुकडे जास्त वेळा टेकले गेले होते, ते पुढे सातत्याने ऋण होऊ लागले. पदार्थाचा पूर्वेतिहास मोजावा लागतो, म्हणून तर दोन याद्या जुळत नाहीत.

प्रकल्पाच्या फलकावर काय लिहू? परीक्षक काय विचारतात?

'फ्री एनर्जी' लिहू नका, पहिला प्रश्न तिथेच येईल. किती वेळा दाबल्यावर कपॅसिटरवर किती व्होल्ट आले, याचा आलेख लावा. तोच प्रयोग कोरड्या दुपारी आणि आंघोळीनंतरच्या वाफाळ बाथरूममध्ये करून दोन रेषा एकाच आलेखावर काढा. नायलॉनचं कापड, कागद आणि फॉइल असे तीन पृष्ठभाग आलटून-पालटून वापरलेत तर तुमची स्वतःची छोटी यादी तयार होईल. ती पुस्तकातल्या यादीशी जुळली नाही तर आकडे बदलू नका. कोणता तुकडा आधी किती वेळा वापरला होता, ते खाली लिहून ठेवा.